सव्वा तासाचा मोठेपणा

कॅनडाला जाऊन आले म्हटल्यावर मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “नायगारा पाहिलास ना?” मी आपली प्रत्येकीला सांगते, नाही बाई पाहिला! कारण आमचा सगळा मुक्काम त्या देशाच्या पश्चिमेला. आमच्या वन्सं राहतात कॅलगरीला. तिथून नायगारा अडीच हजार किलोमीटरांहूनही लांब. पण नायगऱ्याबद्दल तुम्ही आजवर पुष्कळ वाचलं असेल. मी आज सांगणार आहे ते एका साध्या, सव्वा तासाच्या विमानप्रवासाबद्दल. कॅलगरीहून व्हँकुव्हरला सासूबाई आणि मी बिझनेस क्लासनं गेलो, त्याची ही हकिगत.

बिझनेस क्लास म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्याही गेल्या होत्या. आमचं घर म्हणजे दोन पगारांचं, त्यातला माझा अर्धा. दुपारच्या शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि सासूबाईंना सोबत म्हणून मी निघाले. मुलं आणि हे घरी राहिले. आधी तीन आठवडे मुलीकडे, मग दोन आठवडे धाकट्या मुलाकडे व्हँकुव्हरला, असा सासूबाईंचा बेत. दोन्ही गुडघे दुखरे, वय चौऱ्याहत्तर. त्यांना एकटीनं पाठवणं शक्यच नव्हतं.

आता कॅलगरी ते व्हँकुव्हर विमानानंच का जायचं, असं मी भावजींना फोनवर विचारलं. आपल्याकडे कसं, विमान नाही तर रेल्वे, रेल्वे नाही तर एस.टी. असतेच. ते हसून म्हणाले, “वहिनी, इथे नुसताच नकाशा मोठा आहे!” रस्त्यानं हे अंतर साडेनऊशे किलोमीटरांच्या वर, तेही घाटाघाटांतून. गंमत म्हणजे या डोंगरांतून रेल्वे काढली म्हणून तर हा देश सांधला गेला. ब्रिटिश कोलंबिया हा पश्चिमेचा प्रांत १८७१ साली कॅनडात आला तो रेल्वे बांधून देण्याच्या वचनावर. १८८५ च्या नोव्हेंबरात त्या लोहमार्गाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. हजारो चिनी मजुरांनी त्या कामावर हाडं झिजवली, कित्येक तिथेच मेले. पण कॅलगरीवरून जाणारी रोजची उतारूगाडी १९९० मध्ये बंद झाली. आता बॅन्फहून व्हँकुव्हरला जाते ती पर्यटकांची महागडी गाडी, दोन दिवस घेणारी. ग्रेहाउंड कंपनीच्या बसगाड्याही पश्चिम कॅनडातून २०१८ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाल्या. तेव्हा विमान ही तिकडची चैन नव्हे, ती तिकडची एस.टी.च म्हणायची.

साध्या वर्गाची दोन तिकिटं काढायची असंच आधी ठरलं होतं. पण वन्संनी परस्पर बिझनेस क्लासची काढली. साध्याच्या दुपटीहून जास्त पैसे पडले. हे सासूबाईंना कळलं आणि रात्री जेवणं झाल्यावर मायलेकींची चांगलीच जुंपली.

“तासाभराच्या प्रवासाला एवढे पैसे? तेवढ्यात घराचं गळकं छप्पर शाकारून झालं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “परत कर ती तिकिटं.”

वन्सं भांडी विसळत होत्या. पाठ न वळवताच म्हणाल्या, “आई, आम्हा तिघांना घेऊन तू आजोळी जायचीस तेव्हा कुठे बसायचीस आठवतंय? मागच्या चाकावरच्या सीटवर. धाकटा मांडीवर, पायाशी ट्रंक. पुढची जागा मिळाली तरी बाबांना द्यायचीस. वीस वर्षं झाली मला इथे येऊन. या वीस वर्षांत मी तुला काय दिलं? दोन स्वेटर आणि एक चष्मा!”

त्यांचा आवाज भरून आला होता. सासूबाई गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी सून. अशा वेळी सुनेनं काय बोलावं? मी आपलं ओटा पुसायला घेतला. शेवटी सासूबाई उठताना एवढंच म्हणाल्या, “बरं, जाते. पण पुन्हा असं करायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर पोचलो आणि माझ्यातली हिशेबी गृहिणी जागी झाली. या जादा पैशांत नेमकं काय काय मिळतं ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं मी ठरवलं.

पहिली गोष्ट सामानाची. एअर कॅनडाच्या या तिकिटावर माणशी दोन बॅगा, प्रत्येकी बत्तीस किलोपर्यंत, वेगळे पैसे न भरता नेता येत होत्या. साध्या वर्गात बॅगेचं वजन तेवीस किलोच्या आत ठेवावं लागतं आणि स्वस्तातल्या तिकिटावर पहिल्या बॅगेलाही पैसे पडतात. वन्संनी या सवलतीचं सोनं केलं. भावासाठी भाजणी, मेतकूट, पुरणयंत्र आणि एक अख्खा पाच लिटरचा कुकर भरून दिला. सामान देण्याची रांगही वेगळी, अगदी आखूड.

दुसरी गोष्ट चाकाच्या खुर्चीची. ही मात्र नीट वाचा, कारण पुष्कळजणींचा समज असतो की अशी सेवा महागड्या तिकिटावरच मिळते. तसं मुळीच नाही. सासूबाईंसाठी खुर्ची आणि ती ढकलणारी एक तरतरीत मुलगी आली ती फुकट, आणि ती साध्या तिकिटावरही तशीच आली असती. तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं, एवढंच. सुरक्षा तपासणीला बिझनेस क्लासची निराळी रांग होती, पण खुर्चीवाल्यांची आणि लेकुरवाळ्यांचीही निराळी होती. आम्ही त्याच रांगेतून गेलो. विमानात चढताना तर बिझनेस क्लासच्याही आधी बोलावलं ते खुर्चीवर बसलेल्यांना. म्हणजे पैशांनी मिळणारा मान आणि वयाला मिळणारा मान यांत तिथे वयाचा मान वरचढ निघाला. मला ते फार बरं वाटलं.

तपासणीबद्दल एक सांगून ठेवते. मेथीच्या दशम्या हातातल्या पिशवीत खुशाल न्याव्यात. पातळ आणि लिबलिबीत पदार्थ मात्र शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाहीत. दही, तेलाचं लोणचं, तूप हे सगळं मोठ्या बॅगेत घालावं. आमच्या पुढच्या बाईंची जॅमची नवीकोरी बाटली तिथे राहिली.

तिसरी गोष्ट म्हणजे विश्रामकक्ष. त्याला तिथे मेपल लीफ लाउंज म्हणतात. मऊ खुर्च्या, वर्तमानपत्रं, स्वच्छ न्हाणीघरं आणि न्याहारीची मांडामांड. फळं, पाव, ओट्सची खीर, कॉफीचं यंत्र. जे हवं ते घ्या, पैसे नाहीत. सासूबाईंनी आधी मला तीनतीनदा विचारलं, “नक्की ना? मागाहून बिल नाही ना आणायचे?” मग एक केळं आणि चहा घेतला. मी चांगली दोन वेळा कॉफी प्याले. दिलेल्या पैशांची आठवण मला होतीच ना!

विमान छोटंसं, पण नवं. पुढच्या भागात तीन रांगा, प्रत्येक रांगेत दोन इकडे, दोन तिकडे. म्हणजे बारा खुर्च्या. मागे साध्या वर्गात रांगेत पाच, अशा एकशे पंचवीस. या जातीच्या विमानाचा आराखडा मूळचा कॅनडातल्याच एका कंपनीचा. मॉन्ट्रियलजवळ मिराबेलला ती तयार होतात आणि आता एअरबस कंपनीच्या नावानं ओळखली जातात. खुर्ची म्हणाल तर आपण चित्रांत पाहतो तसा पलंग होत नाही. तो थाट लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत. इथे नुसती रुंद, जाड गादीची खुर्ची, थोडी मागे कलणारी. पण पाय सरळ करता येत होते, आणि शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नव्हतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला एवढं पुष्कळ झालं.

सासूबाई दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसल्या. नेसणं नेहमीचं, पाचवारी पातळ, वर स्वेटर आणि पायांत वन्संनी आणलेले कापडी बूट. मला वाटलं होतं, इथे सगळे कोट-टायवाले साहेब असतील. कसलं काय! पलीकडच्या खुर्चीत अर्ध्या चड्डीतला एक दांडगा गृहस्थ होता, पायांत मातीचे जाड बूट. तेलविहिरींवर कामाला होता म्हणे. आल्बर्टा प्रांत तेलाचा, तेव्हा अशी माणसं तिथे विमानानं ये-जा करतातच. त्यानं सासूबाईंची पिशवी उचलून वर ठेवली आणि टोपी काढून मान लववली.

आमच्या दिमतीला आलेली हवाईसुंदरी साठीच्या जवळची होती. डोक्याचे केस पांढरे, नाकावर चष्मा. मी थक्कच झाले. सासूबाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “हिला अजून काम करावं लागतं?” पण बाई कामात अशी चपळ, की तिला ते आवडत असणार हे दिसतच होतं. या कंपनीचा इतिहास मी नंतर वाचला. १९३७ साली ती सरकारी कंपनी म्हणून सुरू झाली तेव्हा तिचं नाव ट्रान्स-कॅनडा एअरलाइन्स होतं. एअर कॅनडा हे नाव १९६५ पासूनचं. १९३८ मध्ये पहिल्या हवाईसुंदरी नेमल्या त्या शिकलेल्या नर्स असाव्या लागत, शिवाय अविवाहित. लग्न झालं की नोकरी संपली! आपल्याकडेही एअर इंडियात पहिल्या बाळंतपणाबरोबर नोकरी जायची. तो नियम सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली रद्द केला. हे सगळं ठाऊक झाल्यावर ती पांढऱ्या केसांची बाई मला निराळीच दिसायला लागली. तिच्या त्या चष्म्यामागे कितीजणींचं भांडण असेल!

सूचना आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये झाल्या. कॅलगरीत फ्रेंच बोलणारे थोडे, तरी फ्रेंच टाळत नाहीत. १९६९ च्या कायद्यानं दोन्ही भाषांना सारखा दर्जा दिला आहे आणि ही कंपनी खासगी झाली तरी तो नियम तिला सुटला नाही. मी मराठीची शिक्षिका, तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

विमान उठलं आणि पाच-दहा मिनिटांत खाली रॉकी पर्वत सुरू झाला. मे महिना होता तरी शिखरं पांढरीशुभ्र. मध्येच हिरव्यानिळ्या पाण्याची तळी, दऱ्यांतून केसासारखा बारीक रस्ता. कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८८५ साली सुरू झालेलं बॅन्फ, याच भागात आहे. एक रांग संपली की दुसरी, ती संपली की तिसरी. ज्या रेल्वेचं मी वर सांगितलं ती याच दऱ्यांमधून वाट काढत गेली, हे वरून पाहिल्यावरच खरं वाटतं. सासूबाईंनी खिडकीला नाक लावलं. कितीतरी वेळानं म्हणाल्या, “बद्रीनाथाला असंच दिसलं होतं. पण तिथे चढावं लागलं होतं.”

मग खाणं आलं. चिनीमातीच्या बशा, स्टीलचे काटे-चमचे, कापडाचा रुमाल. फळांच्या फोडी, दही आणि क्रोसाँ नावाचा पदरापदरांचा पाव. त्यात अंडं आहे का, हे मी विचारलं. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, “मला खात्री देता येणार नाही.” मग सासूबाईंनी फळं आणि दही घेतलं, वर आपली दशमी. दशमीचा वास पुढच्या तिन्ही रांगांत गेला असेल, पण कुणी नाक मुरडलं नाही. तिकडच्या छोट्या उड्डाणांत साध्या वर्गात खायचं असेल तर विकत घ्यावं लागतं, तेव्हा दशम्यांची पुरचुंडी कुठल्याही वर्गात जवळ असावीच.

खाणं झालं आणि सासूबाईंची चुळबुळ सुरू झाली. वाटीत वाटी, बशीवर बशी अशी त्यांनी चळत रचली, रुमालानं टेबल पुसलं आणि तबक दोन्ही हातांत धरून त्या उठायलाच लागल्या! बाई लगबगीनं आल्या, त्यांचा हात हळूच खाली दाबला आणि हसून काहीतरी म्हणाल्या. मी सांगितलं, “आई, त्या म्हणताहेत, बसा, हे माझं काम आहे.” सासूबाई बसल्या. हात मांडीवर ठेवले. आता या हातांचं करायचं काय, असा भाव चेहऱ्यावर. पन्नास वर्षं सर्वांची पानं वाढून झाल्यावर जेवलेली बाई ती. आपल्यासमोरचं उष्टं ताट दुसऱ्यानं उचलायचं म्हणजे त्यांना अवघडच झालं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. घरी पंगत उठल्यावर मीही अशीच चळत रचते की! आणि माझी लेक ते पाहत असते.

खाली एक लांबच लांब सरोवर दिसलं, ओकानागन नावाचं. त्याच्या काठांवर फळबागा आणि द्राक्षमळे आहेत. मग पुन्हा डोंगर, मग फ्रेझर नदीचं सपाट खोरं आणि समुद्र. व्हँकुव्हरचा विमानतळ या नदीच्या मुखाशी एका बेटावर आहे. उतरलो तेव्हा भिंतीवरचं घड्याळ साडेनऊ दाखवत होतं. निघालो होतो नऊला! सासूबाई म्हणाल्या, “मग मधला तास कुणी घेतला?” दोन प्रांतांच्या घड्याळांत त्या दिवसांत एका तासाचा फरक होता. तो परतताना द्यावा लागणार, हे मी त्यांना सांगितलं.

उतरताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. खुर्ची लागणाऱ्यांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात. चढायला पहिल्या, उतरायला शेवटच्या! पण दुसरी रांग असल्यामुळे दारातल्या खुर्चीपर्यंत सासूबाईंना सात-आठ पावलंच चालावी लागली. मागून कुठून तरी विसाव्या रांगेतून यायचं असतं तर त्या अरुंद वाटेनं गुडघ्यांची परीक्षाच होती. माझ्या मते त्या तिकिटाचा सगळ्यांत खरा फायदा हाच होता. बॅगाही पट्ट्यावर आधी आल्या, कुकरासकट.

भावजींच्या घरी पोचल्यावर सासूबाईंनी आपणहून मुलीला फोन लावायला सांगितला. लाउंज, चिनीमातीच्या बशा, रुंद खुर्ची यांतलं एक अक्षर नाही. एवढंच म्हणाल्या, “पोचले गं. पाय सुजले नाहीत.” पलीकडून वन्संचं हसणं मला इकडे ऐकू आलं. आणि मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “त्या बाईनं माझं ताट उचललं बघ.”

आता तुम्ही विचाराल, पैसे वसूल झाले का? खरं सांगायचं तर सव्वा तासासाठी, धडधाकट माणसानं, स्वतःच्या खिशातून एवढे पैसे घालू नयेत. त्याऐवजी थोडे जास्त देऊन साध्या वर्गातली पुढची, पाय पसरता येतील अशी जागा निवडावी. चाकाची खुर्ची, आधी चढणं, तपासणीची वेगळी रांग हे म्हातारपणाला आणि आजारपणाला फुकट मिळतं. ते मागून घ्यावं, लाजू नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांजवळ जागा द्यायचा नियम कॅनडात २०१९ साली झाला, त्यालाही जादा पैसे नाहीत. कंपनीच्या चुकीनं विमानाला फार उशीर झाला तर भरपाई द्यायचा नियमही त्याच वर्षीचा. ती किती मिळायची ते उशिराच्या तासांवर ठरतं, पडद्याच्या पुढे बसलात की मागे यावर नाही. अपंगत्वामुळे सोबतीशिवाय ज्यांना प्रवास शक्यच नाही त्यांच्या सोबत्याला देशांतर्गत प्रवासात वेगळं भाडं पडू नये, असा हुकूम तर तिथे २००८ सालीच मोठ्या कंपन्यांना झाला. त्यासाठी डॉक्टरांचे कागद मात्र आधी पाठवावे लागतात.

पण दूरदेशी राहणारी एखादी लेक किंवा एखादा लेक आईसाठी असं तिकीट काढू पाहत असेल, तर मैत्रिणींनो, “कशाला एवढा खर्च” असं म्हणून त्यांचा हात धरू नका. छप्पर पावसाळ्याआधी शाकारून होईल. आमचं झालंसुद्धा, भावजींनी पैसे पाठवले. परतीच्या प्रवासाची तिकिटं मात्र सासूबाईंनी भावजींना बजावून साध्या वर्गाची काढायला लावली. फक्त एक अट घातली, जागा पुढची हवी आणि खिडकीची!